धनेशाची भिंत

पक्ष्यांच्या अंगी सद्गुण शोधण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे. चातकाला आपल्या कवींनी मानी ठरविले, चक्रवाकाच्या जोडीला विरहाची दीक्षा दिली, आणि हंसाच्या चोचीत जो नीरक्षीरविवेक ठेवून दिला तो अद्याप कोणी तपासून पाहिलेला नाही. या मंडळीत अलीकडे आणखी एका पक्ष्याची भर पडू लागली आहे. हा पक्षी म्हणजे धनेश. त्याच्या एकपत्नीव्रताची आणि त्याच्या मादीच्या पातिव्रत्याची कीर्ती चित्रपटांतून व नियतकालिकांतून जी पसरत आहे, ती ऐकून आमच्या मनात काही विचार आले, ते येथे मांडावयाचे आहेत. विषय पक्षिशास्त्राचा नव्हे, त्यात आमचा अधिकारही नाही. विषय नीतीचा आहे. परंतु ज्याच्या नीतीविषयी बोलावयाचे त्याची निदान तोंडओळख असावी, एवढा शिष्टाचार पाळणे भाग आहे.

धनेशाच्या जाती पुष्कळ. पुण्यामुंबईतल्या वडापिंपळांवर दिसतो तो राखी धनेश; वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. आम्हांस येथे अभिप्रेत आहे तो राजधनेश. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील दाट रानांत त्याची वस्ती आहे. तशीच ती हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम-अरुणाचलमार्गे थेट मलाया-सुमात्रापर्यंत आहे. कोकणात त्यास गरुड म्हणतात. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे साडेतीन फूट लांबी, वजन तीन किलोच्या आसपास. वाकडी पिवळी चोच, आणि तिच्यावर शिरस्त्राणासारखे एक पिवळे शिंग. ते दिसते भरीव, पण असते पोकळ. नराचे डोळे तांबडे, मादीचे पांढुरके. मानेवरचा आणि पंखांवरचा पिवळेपणा मात्र पिसांचा स्वतःचा नव्हे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने अंगभर फासून हा पक्षी तो रंग मिळवितो. पाणी तो सहसा पीत नाही. वड, उंबर, नांद्रुक यांच्या फळांतून मिळेल तेवढ्यावर त्याचे भागते. तो उडू लागला म्हणजे पंखांचा जो घोष होतो, त्यास जुन्या लेखकांनी आगगाडीच्या इंजिनाची उपमा दिली आहे. ती इंजिने गेली. उपमा अजून चालते.

दोन वर्षांमागे एप्रिलच्या आरंभी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे उतरलो होतो. गावाची देवराई घरापासून मैलभर. तेथे एका जुनाट बेहड्याच्या खोडावर, जमिनीपासून चाळीसएक फुटांवर, एक उभी चीर होती. पाहणाऱ्यास ती सालीला गेलेला तडाच वाटावी. सकाळी सातला आम्ही करवंदीच्या जाळीआड जाऊन बसलो. साडेआठच्या सुमारास पंखांचा आवाज आला. नर शेजारच्या फांदीवर उतरला, बराच वेळ इकडेतिकडे न्याहाळीत राहिला, मग खोडाला बिलगला आणि मानेला एक झटका देऊन त्याने घशातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणले. चिरेतून दुसऱ्या चोचीचे टोक पुढे आले, फळ घेऊन आत गेले. पुन्हा एक, पुन्हा एक. आम्ही मोजू लागलो. पंचविसाच्या पुढे मोजणे चुकले. एवढी अजस्र चोच, आणि तिच्या टोकावर बोराएवढे फळ न चेंगरता धरलेले! घास संपल्यावर तो क्षणभर थांबला आणि निघून गेला. दुपारपर्यंत तो असा तीनदा आला.

संध्याकाळी ओटीवर गोष्टी निघाल्या. विद्यार्थ्याचे वडील आप्पा ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "हल्लीच्या नवराबायकोंनी या पाखरांचा कित्ता गिरवावा. चार महिने ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नाही, आणि तो रिकाम्या चोचीने घरी येत नाही." त्यांची सून गावच्या शाळेत शिक्षिका आहे. ती कोकमे पसरीत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आणि दाराची किल्ली कोणाकडे असते, आप्पा?" आप्पा हसले; उत्तर त्यांनी दिले नाही. आम्हांसही ते त्या वेळी पुरते देता आले नाही.

किल्लीचा हा प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नाही. मोठमोठ्या निरीक्षकांना तो सुचला नव्हता. लिव्हिंग्स्टनने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात आफ्रिकेतल्या एका धनेशाची हकीकत दिली आहे. त्याच्या लेखी आतली मादी ही कैदी, आणि बाहेरचा नर हा बिचारा त्या कैद्याचा गुलाम! ती बसल्या जागी पुष्ट होते, आणि तिला चारता चारता हा इतका खंगतो की पावसानंतर एकाएकी गारठा पडला तर त्यातच मरतो. वॉलेसने १८६९ च्या आपल्या ग्रंथात सुमात्रातील अनुभव सांगितला आहे. एक रुपयाचे बक्षीस लावून त्याने ढोलीतली मादी आणि तिचे पिल्लू खाली काढविले. ते पिसाविण्या मांसगोळ्यासारखे पिल्लू पाहून त्यास मोठे नवल वाटले; आणि मादीला अंड्यासकट लिंपून टाकण्याची ही नराची रीत विलक्षण खरी, असे त्याने लिहून ठेवले. नैसर्गिक निवडीचे तत्त्व स्वतंत्रपणे शोधून काढणारा हा मनुष्य. त्याच्या डोळसपणाविषयी कोण शंका घेईल? तथापि भिंत कोणी घातली, हे पाहिल्यावाचूनच त्याने ती नराच्या नावावर मांडली. घराला कडी घालणारा तो पुरुषच असावयाचा, अशी ज्या समाजाची समजूत, त्या समाजातून हे गृहस्थ रानात गेले होते.

वस्तुस्थिती निराळी आहे. राजधनेशाची मादी ढोलीत आपण होऊन शिरते आणि दार आतून आपणच लिंपते. त्यासाठी चिखलदेखील बहुधा बाहेरचा नसतो. स्वतःची विष्ठा आणि फळांचा गर यांचा लेप चोचीने थापून थापून ती भिंत रचते, आणि मधे चोचीपुरती चीर ठेवते. वाळल्यावर हा लेप चांगला टणक होतो. माकडे, घोरपडी, इतर धनेश यांच्यापासून संरक्षण हा त्याचा उपयोग असावा, असे बहुतेकांचे मत आहे. भिंत जिने घातली तीच पुढे ती फोडून बाहेर येते. म्हणजे किल्ली आतल्या बाजूस आहे. मात्र येथे एक मेख आहे. आत शिरल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे गळून पडतात, आणि ती पुन्हा येईपर्यंत तिला उडता येत नाही. दार तिच्या हाती आहे, पण दाराबाहेरचे आकाश तेवढ्या मुदतीपुरते तिचे नाही. अंडी एक किंवा दोन. ती उबविण्यास पाच-सहा आठवडे लागतात. या काळात नर मारला गेला तर त्या घराचा निर्वाह बहुधा तेथेच संपतो. एका गोळीने नेमके किती जीव गेले, हे ती झाडणाऱ्यास खालून दिसत नाही.

सुनेला हे सांगता आले असते, तर तिचे समाधान झाले असते काय? आम्हांस वाटते, आप्पांचेच अधिक झाले असते. कारण कैद नाहीशी झाली की तिच्या जागी व्रत येऊन बसते. तिला कोणी कोंडले नाही, तिने स्वेच्छेने कोंडून घेतले, म्हणून ती अधिकच थोर, असे म्हणण्याचा मोह अनावर आहे. स्त्रीला कोंडण्याची सक्ती जेथे चालत नाही तेथे तिच्या स्वेच्छेची स्तुती करून तेच काम साधण्याची युक्ती आपल्या समाजास चांगली अवगत आहे. एरवी आम्ही हा मोह पत्करला असता; पण पक्षीच आम्हांस पत्करू देत नाही. पिल्लू काही आठवड्यांचे झाले की राजधनेशाची मादी भिंत फोडून बाहेर येते आणि नराच्या बरोबरीने चारा आणू लागते. मग ते पिल्लू काय करते? ज्याने अद्याप जग पाहिलेले नाही, ज्यास कोणी काही शिकविलेले नाही, ते आतल्या आत फुटकी भिंत पुन्हा लिंपून घेते. या पिल्लाने कोणते व्रत घेतले? कोणाशी निष्ठा बांधली? आईची भिंत जर पातिव्रत्य असेल, तर पिल्लाच्या भिंतीस आपण काय नाव देणार?

शिवाय कित्ता गिरवावयाचा तर कोणाचा, हेही ठरत नाही. धनेशांच्या काही जातींत एका जोडप्याच्या पिल्लांना चारण्यास इतर साहाय्यक नरही येतात. आफ्रिकेतील भूधनेश तर ढोलीचे दार लिंपतच नाहीत. एकाच गोतावळ्यात इतक्या रीती! आपल्यास सोयीची तेवढी उचलून तिला निसर्गाचा आदेश म्हणावे, हा न्याय आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उत्तरपत्रिकेत लिहिला असता तर आम्ही त्यास गुण दिले नसते. फलाहारी म्हणून ज्यांनी या पक्ष्यास सात्त्विक ठरविले असेल, त्यांनीही सावध असावे. पिल्ले वाढविण्याच्या दिवसांत हा ऋषी सरडे, उंदीर, प्रसंगी दुसऱ्या पाखरांची पिल्लेही आणून आपल्या पिल्लास भरवितो. उलट, कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या पदरात टाकून मोकळी होते, म्हणून तिच्या जातीच्या गाण्यास कोणी बहिष्कार घातल्याचे ऐकिवात नाही.

सद्गुण म्हणजे काय, याविषयी तत्त्ववेत्त्यांत कितीही मतभेद असोत, एका गोष्टीवर बहुतेकांचे ऐक्य आहे. ज्यास निराळे वागता आले असते आणि तरीही तो तसा वागला, त्याच्याच वर्तनास आपण सद्वर्तन म्हणतो. या कसोटीने धनेशाची भिंत नीतीच्या प्रांतातली नाही. ती सुगरणीच्या खोप्याच्या आणि मधमाशीच्या पोळ्याच्या प्रांतातली आहे. तेव्हा तो पक्षी केवळ एक यंत्र, असे देकार्तच्या मार्गाने म्हणावे काय? तेही आमच्याने म्हणवत नाही. त्या सकाळी फांदीवर उतरून नर जो इतका वेळ न्याहाळीत बसला, फळ देताना जी त्याची मान अलगद वळली, त्यात यंत्राहून काहीतरी अधिक होते, असे डोळ्यांनी सांगितले. ते काय होते, हे सांगणारी भाषा आमच्याजवळ नाही, आणि माणसाची भाषा त्यास लावली की ती लगेच आप्पांच्या ओटीवर जाऊन बसते.

खरा बंदिवास पाहावयाचा असेल तर तो ढोलीत नव्हे, मुंबईत घडला. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत, फोर्टमधल्या अपोलो स्ट्रीटवर, कारवारकडून आलेला एक राजधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत पिंजऱ्यात होता. त्याचे नाव विल्यम. तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत झेली. एकदा त्याने पेटलेली सिगार गिळली आणि पचविली. शेवटी तारेचा एक तुकडा गिळला, तो मात्र पचला नाही. संस्थेच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि तिच्या वास्तूचे नाव हॉर्नबिल हाऊस आहे. ज्यांनी त्यास पाळले त्यांनी त्याजवर माया केली, यात शंका नाही. धनेशाच्या मादीला कैदी म्हणणाऱ्या त्या पिढीने विल्यमला मात्र कचेरीचा लाडका सोबती म्हटले. सव्वीस वर्षे! इतका काळ रानात तो किती ढोल्यांपाशी उंबरे घेऊन गेला असता, याचा हिशेब कोणी केला नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पक्षी जर सद्गुणी नाही, तर त्याचे रक्षण का करावे? कान्टचे म्हणणे असे की, पशूंशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही कठोर होतो, म्हणून क्रौर्य वर्ज्य. म्हणजे पक्ष्याचा मान पुन्हा माणसाच्याच खात्यावर. बेंथॅमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा गुंता एका घावात तोडला. त्यांस विचार करता येतो काय, बोलता येते काय, हे विचारूच नका. त्यांस यातना होतात काय, एवढेच विचारा, असे त्याने सांगितले. आम्ही हे पुष्कळ वर्षे वर्गात शिकविले आणि खरे मानले. आजही मानतो. पण बेहडा यातना भोगतो काय? देवराई भोगते काय? यावर हल्लीचे तज्ज्ञ उपयुक्ततेचे उत्तर देतात, आणि तेही खोटे नाही. धूप, रानजायफळ यांसारख्या झाडांची मोठी बी गिळून दूर नेऊन टाकणारे पक्षी रानात थोडे. धनेश त्यांतला मोठा. तो गेला तर ती झाडे लगेच मरणार नाहीत, पण आपल्या मुलांस दूर धाडण्याची त्यांची सोय जाईल. एवढे सांगितले की श्रोत्यांस पटते. आम्हांस मात्र त्यात घरगड्याची कदर केल्याचा वास येतो. कामाचा म्हणून ठेवावयाचा, तर काम संपल्यावर काय?

येथे आम्हांस वाल्मीकींची ती प्रसिद्ध कथा आठवते. तमसेच्या तीरावर निषादाने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला, मादीचा आक्रोश ऐकून ऋषींच्या तोंडून शाप निघाला, आणि तो श्लोक होऊन बसला. मरून पडलेला क्रौंच एकपत्नीव्रती होता काय, किंवा तो रानाच्या काय उपयोगी होता, याची चौकशी ऋषींनी केली नाही. जे घडले ते त्यांनी पाहिले, एवढेच. मात्र या कथेत एक जागा आम्हांस नेहमी खुपत आली आहे. निषाद हा पोटासाठी शिकार करणारा, आणि शाप एकट्या त्यालाच. त्याची भूक कोणी विचारली नाही.

अरुणाचलात ही चूक काही अंशी सुधारली गेली आहे, असे आम्हांस वाटते. तेथील न्यिशी लोक वेताच्या टोपीवर धनेशाची चोच मिरवितात. तो त्यांचा पिढीजात मान. त्यांना शाप देत न बसता कृत्रिम चोची बनवून देण्यात आल्या, आणि पाक्के व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात २०१२ पासून घरटी दत्तक देण्याचा उपक्रम सुरू झाला. शहरातले लोक पैसे देतात, आणि गावकरी घरट्यांची राखण करतात. राखणाऱ्यांत पूर्वीचे शिकारीही आहेत. ढोली कोठे आहे, हे शिकाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार!

परंतु आपल्या कोकणात निषाद कोण, हे ठरविणे इतके सोपे नाही. १९७२ च्या कायद्याने राजधनेशाची शिकार गुन्हा ठरली आहे. संधिवातावर म्हणून त्याचे तेल विकणारे भोंदू अधूनमधून भेटतात, पण आता चोरूनछपून. २०१८ साली हा पक्षी जगाच्या यादीत संकटग्रस्तांकडे एक पायरी सरकला, तो केवळ बंदुकीमुळे नव्हे. धनेशाला सुतार पक्ष्याप्रमाणे ढोली कोरता येत नाही. जुने, जाड, आतून कुजलेले झाड त्यास आयते लागते. आणि असे झाड हे लाकूडतोड्याच्या, काजू किंवा रबर लावणाऱ्याच्या आणि घरमालकाच्या दृष्टीने निव्वळ अडगळ असते. ही अडगळ काढणाऱ्यास पक्षी दिसतही नाही. त्याच्या हातात धनुष्य नसते. असते ते संमतिपत्र.

हे आम्ही ऐकीव लिहीत नाही. आमच्या वडिलोपार्जित आगराच्या कडेला असाच एक बेहडा होता. बेहड्याच्या झाडात कली राहतो, अशी नलाख्यानापासूनची समजूत. म्हणून घरकामास त्याचे लाकूड कोणी घेत नसे आणि तो वाढत गेला. १९९८ साली आमच्या थोरल्या चुलतभावाचे, दादांचे, पत्र आले. झाड पोखरले आहे, खोक्यांच्या फळ्यांसाठी गिऱ्हाईक आले आहे, परवाना मिळतो आहे, सामाईक मालकीमुळे तुझी सही हवी. आम्ही परतटपालाने सही धाडली, आणि सोबत शहाणपणाचे एक वाक्यही लिहिले की, पोकळ झाड आज ना उद्या पडणारच. आमच्या वाट्याचे सतराशे रुपये आले. ते कशावर खर्च झाले, हे आज आठवत नाही.

त्या देवराईतून परत आल्यावर आम्ही दादांना दूरध्वनी केला. आता ते थकले आहेत, पण स्मरण चोख आहे. झाड कधी पाडले, असे विचारले. "फाल्गुनात. होळीच्या आधी आठ दिवस," ते म्हणाले. त्यावर गरुड येत असे काय, असे विचारले. "येत असे म्हणजे काय? लहानपणी आपण त्याच्या बुंध्याशी बिया वेचायला जात नव्हतो का? तूच तर रानजायफळे खिशात भरून आणायचास, आणि काकू रागवायच्या." आम्हांस ते आठवले. ज्या ढोलीत धनेशाची मादी बसते तिच्या खालीच अशा बियांचा सडा पडतो, हे आम्ही त्यानंतर कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचले. मग आम्ही विचारले, पाडले तेव्हा ढोलीत काही होते काय? दादा थोडे थांबले. म्हणाले, "मजूर काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही."